पाठगाठ

यातला एकही शब्द पदरचा नाही. ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल सोडून द्यावं. वाद घालण्यात मला रस नाही.

जिच्या बाबतीत हे घडलं ती माझी मावसबहीण. सगळी गल्ली तिला आत्या म्हणते, म्हणून आपणही आत्याच म्हणू. ती आजही त्याच घरात राहते. का राहते, ते ओघात कळेल.

घर म्हणजे बंद पडलेल्या एका रंगाई कारखान्याच्या मागची खोल्यांची ओळ. समोर फरशीचं मोठं अंगण. अंगणाच्या एका टोकाला लोखंडी फाटक. आणि मधोमध, फरशीखाली, पाण्याची टाकी. खाली एखाद्या खोलीएवढी जागा, पण वर तोंड केवढं? एक माणूस अंग चोरून उतरेल एवढं. त्यावर लोखंडी झाकण.

आत्या पडदे शिवते. तिचा थोरला भाऊ टाक्या साफ करायचा. त्याला सगळे टाकीवालाच म्हणत. त्याची मुलगी सोळा वर्षांची. एका जागी कधी बसली नाही म्हणून लहानपणीच तिचं नाव भिंगरी पडलं. तिची आई ती रांगत होती तेव्हाच गेली. आत्यानेच तिला वाढवलं.

आता पुढे जाण्याआधी हे काम कसं चालतं ते नीट समजून घ्या. घाई करू नका. हे समजलं नाही तर पुढचं काहीच समजणार नाही.

बंद टाकीत हवा कुंद असते. म्हणून तोंडाशी पंखा लावून आत ताजी हवा सोडायची. उतरणाऱ्याच्या छातीला दोर बांधायचा. तो दोर टाकीच्या तोंडावर उभ्या केलेल्या तीन पायांच्या तिकटीवरच्या कप्पीतून वर येतो आणि वर बसलेल्याच्या हातात जातो. खाली अंधार, आवाज घुमतो, हाक कळत नाही. म्हणून बोलायचं ते दोराने. एक हिसका म्हणजे ठीक आहे. दोन म्हणजे दोर सैल सोड. तीन म्हणजे वर ओढ… लगेच ओढ.

एवढं सगळेच करतात. पण या घराची एक रीत वेगळी होती.

आत्याच्या आजोबांच्या काळात वरचा माणूस विडी ओढायला म्हणून उठून गेला आणि खालचा गेला तो गेलाच. तेव्हापासून या घरात दोराचं वरचं टोक वरच्याच्या कमरेला बांधतात. गाठ पाठीमागे. स्वतःचा हात पोचणार नाही अशी. आणि ती गाठ मारतो खाली उतरणारा. सोडतोही तोच, वर आल्यावर.

मधल्या काळात वरच्याने उठायचं नाही. उठताच येत नाही.

तिला ते पाठगाठ म्हणत.

टाकीवाला गाठ मारून झाली की तिच्यावर दोन बोटांनी थोपटायचा आणि म्हणायचा, "बस आता, मी येईपर्यंत." मग उतरायचा.

आधी अनेक वर्षं त्या गाठीत आत्या बसली. बापासाठी बसली, मग भावासाठी. तिची कंबर धरू लागली तेव्हा भिंगरीची पाळी आली. पोरगी तेव्हा बारा वर्षांची.

"परका माणूस ठेव की," आत्या म्हणायची.

"परक्याच्या हातात भाजीची पिशवी देत नाही मी," टाकीवाला हसायचा. "जीव देऊ?"

माणूस वाईट नव्हता. हे मी मुद्दाम सांगतो. पोरीवर कधी हात उगारला नाही. कामातही चोख. अर्धी टाकी साफ करून उद्या येतो म्हणणं त्याला ठाऊकच नव्हतं. पण त्याला एक गोष्ट दिसायची नाही. त्याला पोरीवर भरवसा होता, आणि त्या भरवशातच पोर अडकली होती.

त्या वर्षी भिंगरीला बाहेरगावच्या एका संस्थेत जागा मिळाली. डोळे तपासण्याचं, चष्मे करण्याचं शिक्षण. राहायची सोय तिथेच. तिने स्वयंपाकघराच्या भिंतीवर लहान होत जाणारी अक्षरं काढून आत्याची नजर तपासली होती.

"आत्या, तिसरी ओळ वाच."

"तिसरी ओळ आहे का?"

"चार आहेत!"

"मग तू भिंत खराब केलीस एवढं मला नक्की दिसतंय."

दोघी पोट धरून हसल्या होत्या. टाकीवाला दारात उभा होता. तो हसला नाही.

"तू गेलीस तर दोर कोण धरणार?" एवढंच म्हणाला.

भिंगरीने खूप सांगून पाहिलं. रुसली, रडली, जेवण टाकलं. तो रागावला नाही की चिडला नाही. दर वेळी तोच प्रश्न, त्याच शांत आवाजात. भिंतीशी बोलल्यासारखं.

मग तो गुरुवार आला.

घरासमोरची ती टाकी साफ करायची होती. ओळीतली माणसं कामावर गेलेली. आत्या शिवलेले पडदे पोचवायला बाजाराकडे गेली होती. ती दुपार कलता कलता परत आली.

अंगणात ऊन होतं. पंखा घरघरत होता. टाकीच्या तोंडाशी भिंगरी पाय दुमडून बसली होती. दोर तिच्या हातात नव्हता… मांडीवर पडला होता.

"दादा आला नाही अजून वर?"

भिंगरीने नुसतं टाकीकडे पाहिलं.

आत्याने वाकून आत पाहिलं आणि तिच्या हातातली पिशवी टाकीत पडली.

माणसं जमली. त्याला वर काढलं तेव्हा सगळं संपलं होतं. फौजदार आले. भिंगरीने त्यांना सांगितलं, "एकही हिसका आला नाही. मी एक हिसका देऊन विचारलं, तर उत्तर नाही. मग मी ओरडले. कोणी आलं नाही. मला उठता येईना."

उठता येईनाच ना. पाठीमागे गाठ होती.

पंखा तर चालू होता. फौजदार म्हणाले, कधीकधी आतला वायू एकदम अंगावर येतो, माणसाला कळतसुद्धा नाही. बाईमाणसांनी डोळ्यांना पदर लावले. अपघात म्हणून नोंद झाली. बापाच्या मृतदेहाला बांधलेली पोर म्हणून जो तो हळहळला.

आणि इथे आत्याच्या हातून एक गोष्ट घडली.

ती गाठ सुटेना. दोर भिजून आवळला होता. आत्याने घरातून कापडाची मोठी कात्री आणली आणि दोर कापला. कोणीही हेच केलं असतं.

पण त्या घरात पाठगाठ कधी कोणी कापली नव्हती. ती सोडायची असते. आणि कोणी सोडायची असते, ते तुम्हाला ठाऊक आहे.

पहिले काही दिवस काहीच झालं नाही.

मग आत्याच्या लक्षात आलं की भिंगरी पंखा बंद करू देत नाही. गारवा असो नसो, खोलीत पंखा हवाच. आत्याने बटणाकडे हात नेला की पोर ताडकन उठायची.

"असू दे, आत्या."

"अगं, गारठून मरशील."

"असू दे म्हटलं ना!"

एका संध्याकाळी दोघी भाजी निवडत बसल्या होत्या. खोलीत अजून उजेड होता. पंखा फिरत होता. दिवा लागलेला होता, म्हणजे वीज होती…

आणि पंखा थांबला.

बटण चालूच होतं. पाती हळूहळू मंद झाली आणि थांबली.

कधी नव्हे एवढी शांतता.

भिंगरी बसल्या जागी ताठ झाली. तिचे डोळे दारातून बाहेर, अंगणाकडे लागले होते. आणि आत्याने पाहिलं… पोरीचं शरीर कमरेतून दाराकडे ओढलं गेलं.

एकदा.

पुन्हा.

पुन्हा.

कोणी कपड्याला धरून खेचावं तसं. हातातली भाजी जमिनीवर सांडली.

मग पंखा आपोआप फिरू लागला.

"काय झालं गं?" आत्याचा आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

"उचकी लागली," भिंगरी म्हणाली.

उचकी कमरेला लागत नाही. आत्या जन्मभर दोर धरून बसलेली बाई. तिला हिसका कळणार नाही तर कोणाला?

त्या रात्री कपडे बदलताना तिने पोरीची पाठ पाहिली. कमरेभोवती लाल वळ. घासून सोललेला. दोर कापून कितीतरी दिवस झाले होते, आणि वळ ओला होता.

दुसऱ्या दिवशी शेजारची बेकरीवाली बन घेऊन आली. बाई मनाने मोठी, पण जिभेला हाड नाही. इकडचं तिकडचं बोलता बोलता म्हणाली, "बाकी त्या दिवशी माझ्या मनात आलंच होतं हं. मी मागे भट्टीपाशी होते. तुमच्या पंख्याचा आवाज मध्येच बंद झाला. मला वाटलं जेवायला थांबले असतील. बऱ्याच वेळाने पुन्हा सुरू झाला."

आत्या बनाच्या पुड्याचा दोरा सोडत होती. तिची बोटं थांबली.

"तू हे फौजदारांना सांगितलंस?"

"त्यांनी कुठे विचारलं? आणि वीज काय, जाते-येते."

"तुझ्याकडे गेली होती का वीज?"

बेकरीवालीने जरा आठवून पाहिलं. मग तिचा चेहरा उतरला. "नाही… माझा दिवा चालूच होता," ती म्हणाली आणि चहासुद्धा न घेता निघाली.

आत्याने कोणाला काही विचारलं नाही. विचारलं की उत्तर ऐकावं लागतं. तिने स्वतःची समजूत घातली, पोर एकदा इथून गेली की सगळं मागे पडेल. भिंगरीने संस्थेशी बोलून जागा पुन्हा पक्की केली होती, हजर व्हायचा दिवस जवळ आला होता. आता अडवणारं कोणी नव्हतं.

निदान आत्याला तसं वाटत होतं.

निघायचा दिवस उजाडला. स्वच्छ सकाळ. भिंगरीने नवे बूट घातले, केस घट्ट बांधले. फाटकाबाहेर टॅक्सी उभी. टॅक्सीवाला उघड्या दारावर ताल धरत होता.

"चला ताई, बस तुमच्यासाठी थांबायची नाही!"

भिंगरी आत्याच्या गळ्यात पडली. मग बॅग घेऊन झपाझप निघाली. अंगण ओलांडलं. फाटक एका पावलावर…

आणि ती मागे फेकली गेली.

घसरली नाही. अडखळली नाही. कमरेपासून दुमडून मागे आली आणि पाठीवर आदळली.

"पाय घसरला काय?" टॅक्सीवाला हसला. "नव्या बुटांचं असंच असतं."

भिंगरी उठली. दात आवळून पुन्हा निघाली. त्याच जागी पुन्हा तेच. या वेळी तिने फाटकाचा गज पकडला. दोन्ही हातांनी, बोटं पांढरी पडेपर्यंत. तिचे पाय जमिनीवरून उचलले गेले. ती आडवी, हवेत, आणि मागे कोणीच नाही.

टॅक्सीवाल्याचं हसू मावळलं.

एक हिसका. दोन. तीन.

हात सुटले. ती फरशीवरून घासत मागे आली. टॅक्सीवाल्याने दार आपटलं आणि गाडी जी पळवली ती भाडंही न मागता.

भिंगरी रडत नव्हती. पडल्या जागी आकाशाकडे पाहत होती.

आत्या घरात गेली. पोलिसांनी परत दिलेला दोर फळीवर होता, कापलेल्या तुकड्यासकट. तिने तुकडा जोडला. झाकण उघडलं. दोराचं एक टोक टाकीच्या तळाला लागेपर्यंत आत सोडलं आणि उरलेला दोर ओढत फाटकाकडे चालू लागली.

एक पाऊल आधी दोर संपला.

आत्या तशीच उभी राहिली. मागे वळून पाहायचा तिला धीर होईना. मग हलकेच म्हणाली, "घरात चल."

दोघी स्वयंपाकघरात बसल्या. भिंतीवर ती अक्षरं अजून होती.

"फौजदारांना काय सांगितलंस? किती हिसके आले?"

"एकही नाही."

"भिंगरे, मी तुझ्या आधी तिथे बसलेय. खोटं फौजदारांना चालेल. मला चालणार नाही."

पोरीने ओठ आवळले. मग ती बोलू लागली. थांबत थांबत, धडा पाठ म्हणावा तशी.

"त्या दिवशी बाबांनी गाठ मारली, थोपटलं. म्हणाले, संस्थेला नाही म्हणून कळवलंय. मी विचारलं, कधी? म्हणाले, कालच. मग म्हणाले, बस आता, मी येईपर्यंत." ती थांबली. "रोजच्यासारखंच म्हणाले, आत्या. जसं काही झालंच नाही. आणि उतरले."

"मग?"

"पंख्याचं बटण माझ्या हाताशीच होतं."

आत्याने डोळे मिटले.

"तीन हिसके आले. लगेच नाही, थोड्या वेळाने. मी दोर हातात धरला होता. नुसता धरला होता. पुन्हा तीन आले. मला वाटलं, आता ओढावं. पण ओढलं असतं तर ते वर आले असते… आणि गाठ सोडून म्हणाले असते, उद्या लवकर निघायचंय. पुन्हा तीन आले. मग दोन. मग एक." तिने आत्याकडे पाहिलं. "एक म्हणजे ठीक आहे ना, आत्या? शेवटचा एकच होता."

चुलीवर दूध उतू गेलं. कोणी उठलं नाही.

"तो माझा भाऊ होता," शेवटी आत्या म्हणाली.

"हो."

"सकाळी मी त्याचं जेवण झाकून ठेवून गेले होते."

"हो."

"तू एक हाक मारली असतीस तर मी भांडले असते त्याच्याशी. ती कात्री घेऊन भांडले असते."

"तू इतकी वर्षं बसलीस, आत्या," भिंगरी म्हणाली. "तू कधी भांडलीस?"

आत्या उठली आणि उतू गेलेलं दूध पुसू लागली.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते तिचं तिलाच माहीत. पोर फाटकाशी जायची, परत यायची. दोराच्या टापूत फिरायची, खुंट्याला बांधलेल्या वासरासारखी. आणि टापू लहान होत होता. आधी फाटकापर्यंत. मग अंगणाच्या अर्ध्यापर्यंत. खालून कोणी दोर थोडा थोडा गोळा करत असावं तसा. एका सकाळी आत्या उठली तर भिंगरी बिछान्यात नव्हती. ती टाकीच्या झाकणावर बसली होती, पाय दुमडून, त्या गुरुवारी बसली होती तशी.

"मला घरात येता येत नाही," ती म्हणाली.

आता पुढे काय, हे आत्याला दिसत होतं. झाकणाच्या वर जागा उरली नव्हती. उरली होती ती खाली.

ती झाकणाजवळ येऊन बसली. तिने मनाशी काय ठरवलं, भावाचा राग गिळला की पोरीची कीव केली, ते तिने मला कधी सांगितलं नाही. पोरीला मात्र एवढंच म्हणाली, "तो वर यायचं म्हणतोय. इतके दिवस तेच म्हणतोय. ओढ त्याला."

"आत्या, नको."

"गाठ त्याची आहे. तोच सोडेल."

"आणि सोडली नाही तर?"

"सोडेल. पण सुटलीस की तू सरळ चौकीवर जायचंस. जे मला सांगितलंस ते तिथे सांगायचं. तुझ्या तोंडाने. बोल, जाशील?"

भिंगरीने मान हलवली. हो म्हणाली.

सूर्य कारखान्याच्या भिंतीआड चालला होता. अंगणात लांब सावल्या. आत्याने झाकण सरकवलं. आतून ओल्या सिमेंटचा वास आला. भिंगरी तोंडाशी उभी राहिली. तिने दोन्ही हात पुढे केले, रिकामे, आणि हवेत मुठी आवळल्या.

ओढलं.

काहीच झालं नाही. क्षणभर आत्याला वाटलं, आपण दोघी वेड्या झालो आहोत.

मग भिंगरीचे खांदे खाली ओढले गेले. हातात वजन आलं होतं.

तिने एक हात ओढला. दुसरा हात. पुन्हा पहिला. आत्याने पाहिलं, पोरीच्या तळव्यांतून रक्त निघत होतं. मुठींत काही नव्हतं आणि कातडी सोलवटत होती. वर तिकटी नव्हती, कप्पी नव्हती. तरी कप्पीचा आवाज येत होता… किर्र… किर्र…

खालून पाणी निथळल्याचा आवाज. टाकी तर त्या दिवसापासून कोरडी होती.

"ओढ," आत्या म्हणाली. "थांबू नकोस."

"जड आहे."

"माहीत आहे मला. ओढ."

टाकीच्या कडेवर एक ओला पंजा उमटला.

हात नाही. फक्त ठसा. मग दुसरा. मग फरशीवर एक ओलं पाऊल, त्याच्यापुढे दुसरं. पावलं भिंगरीला वळसा घालून तिच्या मागे गेली आणि थांबली.

पोरीने डोळे गच्च मिटले होते. ओठ हलत होते. "बाबा… बाबा… मी…"

पुढचा शब्द फुटला नाही.

तिच्या झग्याचं कमरेवरचं कापड आत दबलं. कोणी शोधत असावं, चाचपत असावं तसं. गाठ आवळलेली होती. वेळ लागला. आत्या सांगते, तेवढा कठीण वेळ तिने आयुष्यात कधी काढला नाही. त्या हातांना हवं ते करता आलं असतं. टाकीचं तोंड उघडं होतं आणि पोर कडेवर उभी होती.

मग कापड सैल पडलं.

भिंगरीने मोठा श्वास घेतला. बुडता बुडता वर आल्यासारखा. ती एक पाऊल चालली. मग आणखी एक. काही ओढलं नाही. ती फाटकाशी पोचली, बाहेर पडली आणि रस्त्यावर जाऊन वळली. चौकी उजवीकडे होती. बस डावीकडे सुटते.

आत्या श्वास रोखून पाहत होती.

पोर उजवीकडे गेली.

आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने तिथूनच हात जोडले. कोणाला, ते तिलाही ठाऊक नाही. पोर सुटली होती. भाऊ वर आला होता. तिला वाटलं, झालं. आता झाकण लावावं, दिवा लावावा आणि पोरीच्या मागे चौकीवर जावं.

ती झाकणाकडे वाकली.

फरशीवरची ओली पावलं… आता तिच्या मागे होती.

तिच्या कमरेभोवती काहीतरी गार फिरलं. पाठीमागे आवळलं गेलं. ती हलली नाही. तिला ते हात माहीत होते. लहानपणापासून माहीत होते.

मग गाठीवर दोन बोटांनी थोपटलं.

पावलं तिच्या बाजूने पुढे गेली, टाकीच्या कडेवर थांबली आणि खाली उतरली. थोड्या वेळाने आतून आवाज येऊ लागला. ब्रशने सिमेंट घासल्याचा. खर्र… खर्र…

त्या गुरुवारी टाकी अर्धीच साफ झाली होती ना.

भिंगरीने चौकीवर सगळं सांगितलं. ती आता मुलींच्या सुधारगृहात आहे. तिथल्या बाई म्हणतात, पोर शांत झोपते, पंख्याशिवाय. आत्याला भेटायला बोलावते. दर वेळी बोलावते.

मागच्या महिन्यात मी आत्याला न्यायला गेलो. भर दुपारी गेलो, मुद्दाम. तिने मशीन अंगणात आणून ठेवलं होतं. टाकीचं झाकण उघडं होतं.

"चल, गाडी आणलीय," मी म्हणालो. "पोरीला भेटून संध्याकाळी परत येऊ."

"येईन की," ती म्हणाली. "एवढं काम उरकलं की येईन."

"कोणाचं काम?"

तिने मला दटावलं. "हळू बोल. मला खालचं कळत नाही मग."

मी हट्ट धरला. तिचा हात धरून फाटकाकडे चालवलं. ती निमूट आली. फाटकाला एक पाऊल उरलं तिथे थांबली. मी ओढलं. बारीक अंगाची बाई, पण दगडाला ओढतोय असं वाटलं. तिने हसून माझी बोटं सोडवली, शाळेत पोराची सोडवावीत तशी.

"पोरीला सांग, डोळ्यांची परीक्षा घ्यायला येणार आहे म्हणावं मी."

"आत्या, सोडून दे हे सगळं."

"माझ्या हातात आहे का ते?"

मी काही बोलणार, तेवढ्यात तिने बोट वर करून मला गप्प केलं. मान जराशी वळवली. तिचा एक हात हवेत गेला आणि मूठ मिटली.

घासण्याचा आवाज थांबला होता. इतका वेळ तो चालू होता, हेच मला तो थांबल्यावर कळलं.

तिचं शरीर कमरेतून हललं. "एक," ती पुटपुटली.

पुन्हा हललं. "दोन."

मग ती वाट पाहत उभी राहिली… डोळे माझ्याकडे, लक्ष खाली.

मी तिसऱ्यासाठी थांबलो नाही.